पावणेतीन फुटांचा काऊबॉय

१९८२ साली फिलिपाईन्समध्ये एक काऊबॉयपट आला. या जातीच्या शंभर चित्रपटांत असते तीच त्याची गोष्ट. एका गावाच्या महापौराचा खून झाला आहे, गाव गुंडांच्या दहशतीखाली आहे, आणि गुन्ह्याचा छडा लावायला बाहेरून एक पिस्तूलवाला येतो. तो मार खातो, मार देतो, गोळ्या झाडतो आणि गाव मोकळे करतो. वेगळे एवढेच, की हा पिस्तूलवाला पावणेतीन फूट उंच होता. चित्रपटाचे नाव ‘द वाइल्ड वाइल्ड वेंग’, दिग्दर्शक एडी निकार्त आणि नायक वेंग वेंग.

वेंग वेंगचे खरे नाव एर्नेस्तो दे ला क्रूझ. उंची ८३ सेंटिमीटर. प्रमुख भूमिका करणारा सर्वांत बुटका प्रौढ नट म्हणून त्याचे नाव गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात गेले, आणि जगाने बहुतेक वेळा त्याला तेवढ्यावरच मोजले. त्याचे चित्रपट पाश्चात्त्य देशांत मध्यरात्रीच्या खेळांना दाखवले गेले आणि व्हिडिओच्या दुकानांत ‘विचित्र’ या फळीवर ठेवले गेले. हा माणूस आणि त्याचा काऊबॉयपट जणू आभाळातून पडला, अशा थाटात त्याच्याविषयी लिहिले गेले. प्रत्यक्षात या चित्रपटाला चांगले घसघशीत कूळ आहे. त्यात मेक्सिकोहून आलेली गुरे आहेत, अमेरिकेचे घोडदळ आहे, गावजत्रेतले तलवारीचे नाटक आहे, एक अमेरिकन दूरदर्शन मालिका आहे आणि हातपाय मोडून घेणाऱ्या स्टंटमनची एक अख्खी पिढी आहे.

नावापासून सुरुवात केलेली बरी, कारण बाप तिथेच सापडतो. ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९६५ ते १९६९ या काळात चालली. काऊबॉयचा काळ आणि जेम्स बॉण्डची हेरगिरी यांचे ते कलम होते. रॉबर्ट कॉनरॅड हा तिचा नायक. तो उंचीने बेताचाच, पण अंगाने चपळ, आणि स्वतःचे स्टंट स्वतः करण्याचा त्याचा हट्ट. १९६८ च्या सुरुवातीला एका मारामारीच्या चित्रीकरणात झुंबरावरून झेप घेताना तो डोक्यावर पडला आणि कवटीला इजा होऊन रुग्णालयात गेला. नायकाने उड्या मारायच्या, छतापासून जमिनीपर्यंत सगळी खोली वापरायची, एकट्याने पाच-सहा जणांना लोळवायचे, ही त्या मालिकेची ओळख होती.

तिचा सर्वांत गाजलेला खलनायक होता डॉक्टर मिगेलितो लव्हलेस. हे काम मायकेल डन या बुटक्या नटाने केले. डन साधा नट नव्हता. ‘शिप ऑफ फूल्स’ या १९६५ च्या चित्रपटातल्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. लव्हलेस बुद्धिमान, गाणारा आणि जगावर रागावलेला. देहाने लहान असलेला माणूस त्या काळच्या अमेरिकन पडद्यावर एक तर विदूषक असे किंवा असा कपटी. मारामारी उंच माणसाने करायची, बुटक्याने कट रचायचा. मनिलाच्या चित्रपटाने नाव त्या मालिकेचे घेतले आणि ही वाटणी उलटी केली. इथे बुटका माणूसच नायक आहे, आणि कोलांट्या, लाथा, पिस्तूल हे सगळे त्याच्याकडे आहे. ही उलथापालथ कुणी ठरवून, विचारपूर्वक केली असे म्हणायचे कारण नाही. पण ती झाली, आणि या चित्रपटाचे मोल तिच्यात आहे.

मात्र मालिकेचे नाव उचलले म्हणून काऊबॉय फिलिपाईन्सला उपरा ठरत नाही. स्पेनने ही बेटे १५६५ पासून हाताखाली घेतली आणि त्यांचा कारभार कित्येक पिढ्या मेक्सिकोमार्फत चालवला. मनिला आणि अकापुल्को यांच्यामध्ये गलबतांची ये-जा अडीचशे वर्षे, १८१५ पर्यंत, चालू होती. चिनी रेशीम तिकडे जाई, मेक्सिकोची चांदी इकडे येई, आणि चांदीबरोबर मक्यापासून गुरांपर्यंत बऱ्याच गोष्टी आल्या. मास्बाते नावाच्या बेटावर गुरांची मोठमोठी कुरणे झाली. तिथे आजही घोड्यावर बसून गुरे वळणारे लोक आहेत, आणि १९९३ पासून दरवर्षी वळू पकडण्याच्या, दोर फेकण्याच्या स्पर्धांचा उत्सव भरतो. हॉलिवूडच्या काऊबॉयचा पूर्वज जो मेक्सिकन व्हाकेरो, त्याची एक शाखा पॅसिफिक ओलांडून आधीच इथे येऊन राहिली होती.

नंतर आली खुद्द अमेरिका. १८९८ मध्ये स्पेनशी झालेल्या युद्धानंतर तिने ही बेटे विकत घेतली आणि १८९९ पासून स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनोंशी युद्ध केले. त्या सैन्यातले कितीतरी वरिष्ठ अधिकारी पश्चिम अमेरिकेत मूळ रहिवाशांविरुद्ध लढून आलेले होते. मनिला ताब्यात घेणारा जनरल वेस्ली मेरिट त्यांतलाच. हेन्री लॉटनची हकीकत तर लक्षात राहण्यासारखी आहे. १८८६ मध्ये अपाची योद्धा जेरोनिमो याचा पाठलाग करणाऱ्या घोडदळाच्या तुकडीचा हा कॅप्टन. सहा फुटांहून चांगलाच उंच. तेरा वर्षांनी तो जनरल म्हणून फिलिपाईन्समध्ये लढत होता. १९ डिसेंबर १८९९ रोजी, मनिलाच्या जवळ सान मातेओ इथे, पावसात तो आपल्या रांगेपुढे चालत असताना फिलिपिनो नेमबाजाची गोळी त्याच्या छातीत बसली आणि तो गेला. त्या फिलिपिनो सैन्याच्या सेनापतीचे नाव होते लिसेरिओ हेरोनिमो. स्पॅनिश उच्चाराने हेरोनिमो, इंग्रजी उच्चाराने जेरोनिमो.

पिस्तुलाचेही तसेच. दक्षिणेतल्या मोरो मुसलमान योद्ध्यांपुढे अमेरिकन सैन्याची नवी, हलक्या गोळीची पिस्तुले कमी पडू लागली. तेव्हा कोठारात पडलेली कोल्ट कंपनीची जुनी, पॉइंट ४५ ची सहाबारी पिस्तुले बाहेर काढून फिलिपाईन्सला पाठवली गेली. पुढे १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने जे प्रसिद्ध स्वयंचलित पिस्तूल स्वीकारले, त्यामागे याच अनुभवाचा हात होता. म्हणजे काऊबॉयपटातले ते गोल चकतीचे पिस्तूल फिलिपिनो माणसाने चित्रपटगृहात जाण्याआधी आपल्यावर रोखलेले पाहिले होते. नंतर त्याच अमेरिकनांनी शाळा काढल्या, इंग्रजी शिकवले आणि चित्रपटगृहांत आपले काऊबॉयपट दाखवले. नातवंडांनी त्या हॅटवाल्याला टाळ्या दिल्या. हा प्रवास सोपा नाही, आणि फिलिपिनो काऊबॉयपट बघताना तो विसरून चालत नाही.

होसे नेपोमुसेनो यांनी १९१९ मध्ये ‘दालागांग बुकिद’ हा पहिला फिलिपिनो कथापट काढला. लोकांना हाणामारी पाहायची सवय मात्र त्याच्या पावणेतीनशे-तीनशे वर्षे आधीची. स्पॅनिश काळात ‘कोमेद्या’ नावाचा नाट्यप्रकार रुजला. १६३७ मध्ये दक्षिणेतल्या सुलतानावर स्पॅनिश सैन्याने मिळवलेल्या विजयानंतर मनिलात असे एक नाटक झाल्याची नोंद आहे. ख्रिस्ती राजपुत्र आणि मुसलमान राजकन्या, दोन सैन्ये, पद्यातले लांब संवाद आणि मध्ये मध्ये लढाया, असा त्याचा साचा. धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे आणि मुसलमानांचे चित्रण एकांगी आहे. पण गावकऱ्यांना त्यात खरी गोडी लढाईची होती. बँडच्या तालावर पात्रे पावले टाकत येतात, ठरलेल्या मापात तलवारी भिडतात, उडी, गिरकी, पडणे, पुन्हा उठणे. आर्निस या देशी काठीयुद्धाचे हात त्या लढायांत दिसतात. लढाई तालात बसवायची, आणि हरणाऱ्याने नीट, दिसेल असे पडायचे, हे शिक्षण गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या मिळत होते. मनिलाच्या दक्षिणेला परान्याके इथल्या सान दिओनिसिओ भागाने ही परंपरा आजवर जपली आहे. त्याच परान्याकेच्या वेशीवर, पासाय शहराला लागून, बाक्लारान आहे. वेंग वेंगचा जन्म तिथला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मनिलाचा चित्रपटउद्योग भरभराटीला आला. साम्पागिता, एलव्हीएन, प्रीमियर अशा मोठ्या कंपन्या होत्या. त्यांतली प्रीमियर ही हाणामारीच्या चित्रपटांसाठी ओळखली जाई. हाणामारीला तिथे ‘बकबकान’ म्हणतात, नायकाला ‘बिदा’ आणि खलनायकाला ‘कोंत्राबिदा’. या काळात एक नवी वाट तयार झाली: स्टंटमनने नायक व्हायचे. फर्नांदो पो ज्युनियर हे त्यातले सर्वांत मोठे नाव. वडील नट-दिग्दर्शक होते, ते १९५१ मध्ये वारले, आणि घर चालवण्यासाठी मुलाने शाळा सोडून चित्रपटाच्या धंद्यात पडेल ते काम केले. त्यात स्टंटही आले. १९५६ च्या ‘लोवेस्ट गँग’ने त्यांना नाव दिले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते गरिबांच्या बाजूने उभे राहणारे नायक होते. २००४ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि हरले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेले.

काऊबॉयपटाची गादी मात्र लापिद घराण्याकडे होती. जेस लापिद हाही स्टंटमनच. ‘लेओन गेरेरो’ हे पिस्तूलवाले पात्र त्याने लोकप्रिय केले आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखू लागले. १९६८ मध्ये, ऐन भरात असताना, मनिलाजवळच्या एका नाइटक्लबमध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. दहा वर्षांनी त्याच्यावर चरित्रपट निघाला आणि त्यात जेसचे काम केले त्याच्या पुतण्याने, लितो लापिदने. पाम्पांगा प्रांतातल्या पोराक गावचा हा मुलगाही स्टंटमन म्हणूनच धंद्यात आला होता. त्याने काकांचे लेओन गेरेरो हे पात्र पुन्हा उभे केले. बोटावर पिस्तूल गरगर फिरवणे, घोड्यावरून झेप, हवेत वळून नेम साधणे, ही त्याची खासियत. पुढे तो पाम्पांगाचा गव्हर्नर झाला आणि नंतर देशाचा सिनेटर. अंगमेहनतीने कमावलेली लोकप्रियता तिथे थेट सत्तेपर्यंत नेत असे. याचे हे एकटेच उदाहरण नाही. जोसेफ एस्त्रादा हा पडद्यावरचा गरिबांचा कैवारी १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.

साठच्या दशकाच्या मध्यावर इटलीहून नवे वारे आले. कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून सर्जिओ लिओनेने १९६४ मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला आणि काऊबॉय अमेरिकन असलाच पाहिजे ही अट मोडली. इटलीच्या चित्रपटांनी स्पेनच्या माळावर टेक्सास उभे केले, तर बेंगळुरूजवळच्या रामनगरात ‘शोले’ उभा राहिला आणि मनिलाच्या निर्मात्यांनाही आपल्या गवताळ टेकड्या पुरेशा वाटल्या. फिलिपाईन्सला वाळवंट नाही. तिथे उष्ण कटिबंधातला पाऊस पडतो आणि नजर जाईल तिथे हिरवे दिसते. तरी कोणाचे काही अडले नाही. गाव, जुलमी जमीनदार, विकत घेतलेला कायदा आणि बाहेरून येणारा माणूस, एवढ्या गोष्टी असल्या की प्रेक्षक पुढचे समजून घेत. जमीनदारी आणि खासगी गुंड या गोष्टी फिलिपिनो शेतकऱ्याला पडद्यावर पाहून शिकायच्या नव्हत्या.

विडंबनाची परंपराही तितकीच बळकट. परदेशी चित्रपट गाजला की त्याच्या नावाची मोडतोड करून मनिलात दुसरा चित्रपट निघे. ब्रूस लीचा ‘द बिग बॉस’ आला, तर इकडे रामोन सामोरा ‘द पिग बॉस’मध्ये. विनोदवीर दोल्फी याने १९६६ मध्ये जेम्स बॉण्ड आणि बॅटमन एकाच चित्रपटात कोंबले, नाव ‘जेम्स बॅटमन’. फर्नांदो पो ज्युनियरनेही १९७० मध्ये ‘ओमार कॅसिडी अँड द सांदाल्यास किड’ केला. सांदाल्यास म्हणजे सँडल, पायातली चप्पल. ही नक्कल कमी दर्जाची समजण्याची चूक होऊ नये. ज्या देशात दुसऱ्याचे चित्रपट मोठ्या पैशाने येतात, तिथला कारागीर त्याच कपड्यातून स्वतःच्या मापाचा सदरा शिवतो. ‘द वाइल्ड वाइल्ड वेंग’ हा त्याच दुकानातला.

आता ज्याच्या मापाने हा सदरा शिवला, त्याच्याकडे. एर्नेस्तोचा जन्म ७ सप्टेंबर १९५७ चा, पाच भावंडांतला धाकटा. देहाची वाढ जन्मापासूनच खुंटलेली. मूल जगेल अशी आशा कमी होती. घर गरीब आणि भाविक. मूल वाचले, आणि घरच्यांनी ते सान्तो निन्योच्या कृपेने वाचले असे मानले. सान्तो निन्यो म्हणजे बाळ येशू. १५२१ मध्ये मॅगेलनने सेबू बेटावर आणलेली त्याची जेमतेम फूटभर उंचीची लाकडी मूर्ती हे फिलिपाईन्सचे सर्वांत जुने ख्रिस्ती दैवत आहे. लाल झगा, डोक्यावर मुकुट, पायात बूट, हातात पृथ्वीचा गोल. एर्नेस्तोला वार्षिक मिरवणुकीत सान्तो निन्योच्या वेषात फिरवले जाई. लहानशा देहात राजाचा अधिकार, हे चित्र त्या समाजाने चारशे वर्षे पूजले होते. पडद्यावरच्या वेंग वेंगला फिलिपिनो प्रेक्षकाने इतक्या सहज नायक म्हणून मानले, त्यामागे ही सवय असावी असे वाटते. परदेशी समीक्षक जे पाहून चक्रावले, ते मनिलाच्या प्रेक्षकाला तितके परके नव्हते.

एर्नेस्तो कराटे शिकला. त्यातूनच तो पीटर आणि कोरा काबालेस या निर्मात्या जोडप्याच्या नजरेला आला. आधी छोटी कामे, मग १९८१ मध्ये ‘फॉर युअर हाइट ओन्ली’. जेम्स बॉण्डच्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ची ही नक्कल. त्यात तो एजंट ०० आहे. त्याच्याकडे धारदार काठाची, फेकून मारायची हॅट आहे, पाठीला बांधून उडायचे यंत्र आहे, आणि ज्याला तो शोधतो तो ‘मिस्टर जायंट’ शेवटी स्वतःही बुटकाच निघतो. १९८२ मध्ये ‘द इम्पॉसिबल किड’ आणि ‘द वाइल्ड वाइल्ड वेंग’ आले.

हे चित्रपट दिग्दर्शित करणारा एडी निकार्त मूळचा स्टंटमन आणि मारामाऱ्या बसवणारा. हा या कुळकथेतला कळीचा धागा. साहित्याकडून किंवा नाटकाकडून आलेल्या दिग्दर्शकाने वेंग वेंगला गमतीदार संवाद आणि केविलवाणे प्रसंग दिले असते. निकार्तने त्याला काम दिले. त्याने हा देह स्टंटमनच्या नजरेने पाहिला: याला कुठून कुठे नेता येईल, किती उंचीवरून टाकता येईल, समोरच्याला कसे पाडता येईल.

वेंग वेंगचे अवयव एकमेकांशी प्रमाणात होते. डोके मोठे आणि हातपाय आखूड, असा त्याचा बुटकेपणा नव्हता. त्यामुळे लाथ पूर्ण फिरे, कोलांटी नीट गोल येई, उडी स्वच्छ दिसे. अडचण वेगळीच होती. ८३ सेंटिमीटरच्या माणसाचा ठोसा समोरच्याच्या मांडीपर्यंत पोचतो. जुन्या कोल्टचे साडेपाच इंची नळीचे पिस्तूल टोकापासून मुठीपर्यंत सुमारे अकरा इंच भरते, म्हणजे या नायकाच्या उंचीच्या एक तृतीयांश, आणि वजन किलोभर. नेहमीची मारामारी इथे निरुपयोगी होती, ती पायापासून नव्याने बसवावी लागली. म्हणून तो धावत येऊन उंच गुंडाच्या दोन पायांच्या मधून घसरत जातो आणि मागून वार करतो. जांघेत ठोसा मारतो. गुंड कळवळून वाकला की त्याचा चेहरा लाथेच्या टप्प्यात येतो. कुणीतरी त्याला उचलून फेकतो, आणि त्याच फेकण्याचा उपयोग करून तो पुढच्यावर आदळतो. गुळगुळीत जमिनीवर पाठीवर घसरत गोळ्या झाडतो. टेबलाखालची, खुर्चीमागची, दाराच्या फटीतली जागा त्याची. मोठ्या माणसांना जी खोली दिसते, तिच्या खालच्या अर्ध्या भागात दुसरी खोली आहे आणि तिचा मालक हा, अशी ती रचना आहे.

या रचनेत पडणाऱ्यांचे श्रेय मोठे आहे. फिलिपिनो श्रेयनामावलीत ‘गून्स’, म्हणजे गुंड, म्हणून ज्यांची रांगेने नावे येतात, ते सारे सराईत स्टंटमन. त्या काळी मनिलात अशा मंडळींचे गट होते, त्यांपैकी ‘एसओएस डेअरडेव्हिल्स’ हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. अमेरिकन निर्माते सत्तरच्या दशकात स्वस्तातले चित्रपट काढायला फिलिपाईन्समध्ये येत. रॉजर कॉर्मनच्या कंपनीचे चित्रपट तिथे झाले, कोपोलाचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ही तिथेच. स्फोट, पडझड, घोड्यावरून कोसळणे या कामांना स्थानिक माणसे मिळत, कमी पैशात आणि विम्याचा फारसा विचार न करता. पाच-साडेपाच फुटी माणसाने मांडीवर बसलेल्या ठोशाने हवेत उडून पडायचे आणि ते खरे वाटायला लावायचे, हे काम अवघड आहे. वेळ अर्ध्या क्षणाने चुकली तर प्रसंग हास्यास्पद होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सव्वादोनशे पौंडांचा माणूस त्या लहान देहावर पडू शकतो. कोमेद्याच्या लढाईत हरणाऱ्याने दिसेल असे पडायचे, हे जे शिकवले जाई, तेच इथे कामाला आले.

वेंग वेंगने आपले बहुतेक स्टंट स्वतः केले, कारण त्याच्या मापाचा बदली माणूस मिळणारच नव्हता. रॉबर्ट कॉनरॅडला हट्ट करता आला, लितो लापिदला अभिमानाने सांगता आले. वेंग वेंगपुढे पर्याय नव्हता. नाजूक हाडांच्या माणसाने, दिवसभर उन्हात, उंचावरून उड्या मारायच्या. ते त्याने आनंदाने केले असे त्याला ओळखणारे सांगतात. तो आनंद मान्य करूनही निर्मात्यांनी त्याच्यावर घेतलेली ही जोखीम मोठी होती असे म्हणावे लागते.

या साऱ्यावर त्या काळाची सावली आहे. राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा लादला. जानेवारी १९८१ मध्ये तो कागदोपत्री उठला, राजवट तशीच राहिली. त्यांच्या पत्नी इमेल्दा मार्कोस यांना मनिलात फ्रान्समधल्या कानच्या तोडीचा चित्रपट महोत्सव भरवायचा होता. त्यासाठी समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर एक भव्य चित्रपट केंद्र घाईघाईने बांधले जात असताना १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे परांची कोसळली, कामगार ओल्या काँक्रीटमध्ये गाडले गेले. बांधकाम थांबले नाही. जानेवारी १९८२ मध्ये महोत्सव झाला. तिथे देशाचे गंभीर, कलात्मक चित्रपट मांडले होते. परदेशी वितरकांनी मात्र झडप घातली ‘फॉर युअर हाइट ओन्ली’वर. डिक रँडल या वितरकाने तो इंग्रजीत ध्वनिमुद्रित करून जगभर विकला. वेंग वेंग काही महिने देशाचा सर्वांत ओळखला जाणारा नट होता. त्याच वर्षीच्या काऊबॉयपटात एका गावाचा निवडून आलेला महापौर मारला जातो, बंदूकवाले राज्य करतात, आणि लोकांना सोडवायला येतो तो सर्वांत लहान माणूस. निर्मात्यांनी यात राजकारण घातले होते असा दावा करायचा नाही. पण अशा गोष्टी त्या काळी काऊबॉयची हॅट घालूनच सांगता येत होत्या.

परदेशातून आलेला पैसा नायकापर्यंत फारसा पोचला नाही. दोन-तीन वर्षांतच त्याची कामे आटली. तो बाक्लारानला परतला, प्रकृती ढासळत गेली, आणि २९ ऑगस्ट १९९२ रोजी, पस्तीस वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना, तो वारला. त्याच्या मृत्यूची बातमी बाहेरच्या जगाला कित्येक वर्षे माहीत नव्हती. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला व्हिडिओचे दुकान चालवणारा अँड्र्यू लेव्होल्ड त्याच्या शोधात मनिलाला गेला, संकलक एदगार्दो व्हिनाराओ, एडी निकार्त, एर्नेस्तोचा भाऊ यांना भेटला, थेट इमेल्दा मार्कोस यांच्यापर्यंत पोचला, आणि २०१३ मध्ये ‘द सर्च फॉर वेंग वेंग’ हा माहितीपट पूर्ण केला. आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेचसे त्या पाठपुराव्यामुळे.

हे काम परक्या माणसाला करावे लागले, याचे कारण फिलिपाईन्समध्ये चित्रपट जपण्याची व्यवस्था फार उशिरा आली. दमट हवा, युद्ध, आगी आणि बंद पडलेल्या कंपन्या यांनी रिळे खाल्ली. महायुद्धापूर्वीच्या शेकडो चित्रपटांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. साठच्या दशकातले काऊबॉयपटही मोठ्या संख्येने गेले. वेंग वेंगच्या चित्रपटांच्या आज फिरणाऱ्या प्रती बहुतेक परदेशी व्हिडिओ टेपवरून उतरवलेल्या आणि इंग्रजी आवाज चढवलेल्या आहेत. त्या आवाजांत वितरकाने घातलेले पाचकळ विनोद आहेत, मूळच्या तागालोगमधले बोलणे हरवलेले आहे.

गिनीजचा तो विक्रमही आता वेंग वेंगच्या नावावर नाही. तो भारतात आला आहे. विनयन यांच्या २००५ च्या ‘अद्भुतद्वीप’ या मल्याळम चित्रपटातला नायक अजय कुमार, म्हणजे केरळचा लाडका पक्रू, उंचीने ७६ सेंटिमीटर आहे, आणि तेव्हापासून लोक त्याला ‘गिनीज पक्रू’ म्हणतात. पक्रूने पुढे दिग्दर्शनही केले, पुरस्कार मिळवले, आणि तो आजही कामात आहे. वेंग वेंगला हे मिळायला हवे होते. त्याचा काऊबॉयपट कुठे हाती लागला तर इंग्रजी आवाज बंद करून पाहावा. उंचीचे नवल दहा मिनिटांत ओसरते. मग मारामाऱ्या कशा बसवल्या आहेत, कोण कधी वाकतो आणि कोण कसा पडतो, याकडे लक्ष द्यावे. एर्नेस्तो दे ला क्रूझ हा एक कसलेला स्टंट-नट होता, आणि फिलिपिनो हाणामारीपटाच्या इतिहासात त्याची जागा लापिद काका-पुतण्यांच्या ओळीत आहे.